घाण्यावरची नीलव्वा

पेंड मागायला बाप्या माणूस दारात आला की नीलव्वा आधी विचारायची, "कुणासाठी?"

"गाईसाठी."

"गाभण हाय?"

"हाय की."

"कितवा?"

इथं बहुतेकजण गडबडायचे. कुणी बोटं मोजायला लागायचा, कुणी आभाळाकडं बघायचा. एखादा म्हणायचा, "असंल की सहावा-सातवा." मग हातातलं सूप खाली न ठेवता नीलव्वा म्हणायची, "घरातल्या बाईला धाड. तुला तुझ्या बायकूचा तरी म्हैना ठाऊक असतो का कुणास ठाऊक." तो बिचारा हसत, नाहीतर पुटपुटत माघारी जायचा. थोड्या वेळानं त्याची आई नाहीतर बायको टोपली घेऊन यायची आणि मग दोघी उंबऱ्यावर बसून अशा बोलायच्या, की ऐकणाऱ्याला वाटावं घरातल्या सुनेचंच चाललंय.

आमचं गाव तेरच्या पलीकडं, तेरणेच्या काठाला. तेव्हा निजामाचं राज्य होतं. मी लग्न होऊन आले तेव्हा कळती-नकळती होते. आमच्या आणि नीलव्वाच्या घरात एकच भिंत. भिंतीपलीकडं दिवसभर लाकडी घाण्याची कुरकुर चालायची. पहिले काही दिवस त्या आवाजानं माझं डोकं दुखायचं. पुढं असं झालं की घाणा थांबला की मी दचकायची, काय झालं म्हणून.

घाणा ओढायचा बैल, आणि बैलामागं फिरायचे शिवाप्पा, नीलव्वाचे मालक. शिवाप्पा बैलापेक्षा कमी बोलायचे. बोलण्याचं सगळं खातं नीलव्वाकडं. तिचं माहेर आळंदकडचं, तिकडं घरात कानडीच. ती गाई-बैलांशी कानडीत बोलायची, माणसांशी मराठीत, आणि समोरच्या हुसेनबीशी दखनीत. भांडण मात्र तिन्ही भाषांत करायची.

दिसायला उंच, काळीसावळी. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात कापडात बांधलेलं लिंग. आणि हात असे तेलकट, की ज्याला हात लावील ते चकाकायचं. तिच्या दाराची चौकट चकाकायची, तांब्या चकाकायचा, गाईच्या गळ्यातली दोरीसुद्धा. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची, त्या चेष्टेनं म्हणायच्या, "अव्वा, जरा आमच्या सुनेच्या डोक्यावरनं हात फिरवा, तेवढंच तेल वाचंल." आख्खी आळी तिला अव्वाच म्हणायची.

तेल विकण्यात तिचा जीव नव्हता. तेल शिवाप्पा मापून द्यायचे. तिचं लक्ष घाण्याच्या तळाशी उरणाऱ्या पेंडीवर. करडीची पेंड वेगळी, शेंगदाण्याची वेगळी, जवसाची आणखी वेगळी. ही पेंड ती आधी गाभण गाईंना द्यायची, उरली तर बाकीच्यांना. आणि गाभण गाईलासुद्धा सरसकट नाही. सुरुवातीच्या महिन्यांत कुणी मागायला आलं की सरळ नको म्हणायची. "पोटातलं अजून मुठीएवढं हाय. त्याला कशाला मेजवानी? चरू द्या, कडबा घाला, पाणी सोच्छ पाजा." सातवा लागला की मात्र स्वतः निरोप धाडायची. मग गाईचं दूध काढणं हळूहळू कमी करत बंद करायचं, म्हणजे दूध आटवायचं, आणि पेंड भिजवून थोडी थोडी वाढवत न्यायची. व्यायला आली की पुन्हा हात आखडता. कोंड्याची पातळ आंबोण, हिरवं काही मिळालं तर ते, पोट साफ राहील असं. बुरशी धरलेला कडबा गाभणीपुढं दिसला, तर तो कुणाच्या का गोठ्यातला असेना, ती उचलून बाहेर फेकायची. मालक बघत राहायचा.

एकदा मी विचारलं, "अव्वा, हे सगळं तुम्हाला कुणी शिकवलं?"

ती म्हणाली, "एका गाईनं. तिला मारता मारता ऱ्हायले तवा."

मग सांगितलं तिनं. ती नवी नवरी होऊन या घाण्याच्या घरात आली, तेव्हा माहेरी कधी बघितली नव्हती एवढी पेंड कोपऱ्यात रचलेली. घरात गाय गाभण. हिला वाटलं, आता या गाईचे लाड करायचे. सासू शेतात गेली की ही पाटीच्या पाटी तिच्यापुढं ओतायची. गाय अशी फुगली की येणारेजाणारे थांबून बघायचे आणि हिला मोठा अभिमान. व्यायच्या वेळेला वासरू एवढं थोराड, की अडकलं. धनगरवाड्यावरनं माणूस बोलावला, त्यानं बाहेर काढलं. वासरू गेलं. गाय वाचली, पण मागच्या पायानं कायमची लंगडी झाली.

"पेंडीचा ढीग बघून माझी अक्कल गेली," ती म्हणाली. "सासू मला एक शबुद बोलली न्हाय. ती लंगडी गाय रोज माझ्यासमोरनं पाण्याला जायची, तेवढं पुरं झालं."

हे सांगताना ती हसत होती. मला हसू आलं नाही.

एकदा गावात गिरदावर, म्हणजे महसुलाचे साहेब, आले. तेव्हाच्या राज्यात गिरदावर म्हणजे काय रुबाब. चावडीवर उतरले आणि त्यांच्या शिपायानं नीलव्वाच्या दारात येऊन हुकूम सोडला, "साहेबांच्या घोडीला पेंड पाहिजे."

नीलव्वा म्हणाली, "कितवा म्हैना?"

शिपाई म्हणाला, "कशाचा?"

"घोडीला."

"घोडी गाभण नाही."

"मग पेंड न्हाय. कडबा ने, पायजे तेवढा."

आत्याबाईंनी मला आत ओढलं आणि दाराला कडी घातली. शिपाई तणतणत गेला. पण तो गिरदावर माणूस मोठ्या मनाचा निघाला. त्यानं ती गोष्ट ऐकून हसून हसून डोळे पुसले म्हणे, आणि शिपायाला परत पाठवलं. "साहेब म्हणतात, घोडी नाही, पण घरी बेगमसाहेबांना आठवा आहे. त्याचं काय?" नीलव्वा आत गेली आणि तिळाच्या तेलाचा गडवा भरून घेऊन आली. म्हणाली, "कमरेला लावायला सांग. आन् आठव्यात सायबानं गावं फिरू न्हाय, घरी बसावं."

एवढं सगळं सांगून झालं, तरी तिची खरी करणी सांगायची राहिलीच. आमच्या आळीत एक रीत होती, ती तिनंच पाडलेली. तिला आम्ही फिरतं दूध म्हणायचो. बघा, गाईचं दूध सातव्यात आटवायचं म्हटलं की ज्याच्या घरी लहान लेकरू असतं, म्हातारं असतं, त्याचा हात कसा थांबणार? तो व्यायच्या आदल्या दिवसापर्यंत पिळत राहणार. आणि पोटातलं वासरू उपाशी. तर नीलव्वानं असं लावून दिलं होतं, की ज्या घरची गाय आटवली, त्या घरी दुसऱ्या दुभत्या घरातनं रोज संध्याकाळी तांब्याभर दूध जायचं. पुढं त्या घरची गाय व्याली की ते घर तिसऱ्या कुणाला द्यायचं. माप नाही, मोजणी नाही. दूध घेणाऱ्यानं दूध देणाऱ्याच्या गाईला तुरीचं भुसकट, कोंडा, काय असेल ते घालायचं. हुसेनबीच्या घरचं दूध आमच्याकडं यायचं, आमचं नीलव्वाकडं. सोवळ्याओवळ्याच्या त्या काळात कुणी त्यात काही काढलं नाही. गाईंमुळं आम्ही सगळ्या एकमेकींच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचलो.

मग ते वाईट वर्ष आलं.

पाऊस आला नाही असं नाही, आला तो भलत्या वेळी. ज्वारी काळी पडली. जी काही घरात आली तिच्यातनं सरकारची लेव्ही गेली, लढाई चालू होती ना कुठंतरी. कडबा कुजला. तेरणेच्या काठाला हिरवी काडी दिसेना. आळीतल्या गाई एकेक करून आटल्या, आटवून नव्हे, उपाशी राहून. आमची गाय त्याच साली गेली. हुसेनबीनं तिची गाय भावाकडं पोचवली, तिकडं विहिरीला पाणी होतं म्हणून. शेळ्यामेंढरं घेऊन धनगर गंगथडीला, गोदावरीकाठी, निघून गेले, तेव्हा शेळीच्या दुधाचाही आसरा संपला. आळीत दुभती अशी एकच राहिली, नीलव्वाची मल्ली.

मल्ली तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका. वय होत आलेलं. घाण्याचा बैल तिच्याच पोटचा. आतापर्यंत तिला सगळे गोऱ्हेच झाले होते आणि नीलव्वाला एक कालवड पाहिजे होती. "हिच्या माघारी हिचं कायतरी दावणीला पायजे," असं ती सारखं म्हणायची. मल्ली गाभण राहिली होती. ही बहुतेक शेवटचीच खेप, हे नीलव्वालाही ठाऊक होतं.

आणि त्याच दिवाळीच्या मागंपुढं मला पहिली मुलगी झाली. शेवंता. महिना झाला न झाला तोच मला हिवताप आला. हाडं मोडून काढणारा ताप. तापात माझं दूध गेलं. पोर रडून रडून निळी पडायची. आत्याबाई साखरेच्या पाण्यात कापसाची वात बुडवून तिच्या तोंडात धरायच्या. ती चोखायची आणि पुन्हा रडायची. पुढं पुढं रडायचीसुद्धा थांबली. ते जास्त वाईट होतं.

मल्लीला तेव्हा सातवा लागला होता. आमच्या घरातलं कुणी दूध मागायला गेलं नाही. कसं जाणार? सातव्यात आटवायचं, हे ज्या बाईनं सगळ्या गावाला शिकवलं, तिच्याच दारात तिच्याच गाभण गाईचं दूध मागायला जायचं कोणत्या तोंडानं?

ती आपण होऊन आली. हातात पितळी तांब्या, वर पदराचं टोक झाकलेलं. मी अंथरुणात होते, पण सगळं दिसत होतं. आत्याबाई तांब्या बघूनच मागं सरकल्या.

"अव्वा, हे बरं न्हाय. मल्लीला सातवा लागलाय. आटवायचं सोडून तुमी पिळताय?"

"घ्या."

"पोटातलं लेकरू हाय तिच्या."

"हितं बाहेर आलेलं हाय," नीलव्वा म्हणाली. "तुमच्या सुनंचं आटलं. मग माझीनं कसं आटावं?"

आत्याबाई रडायला लागल्या. नीलव्वा म्हणाली, "रडत बसू नगा, दुधात दुप्पट पाणी घालून उकळा. मल्लीला दोन पोटांचं खायला घालीन म्या. तेवढी पेंड हाय माझ्याकडं." मग थोडं थांबून म्हणाली, "तिनं साथ दिली म्हंजे झालं."

शिवाप्पा तेवढ्यात दारात येऊन उभे राहिले होते. मला वाटलं, हे अडवणार. ते म्हणाले, "बाजरीचं दळण तिला घालू आंबोणीत. आपुन हुलग्यावर भागवू." सगळ्या सालात त्यांचं एवढंच बोलणं मी ऐकलं.

तिथून पुढं मल्लीला खायला घालणं हे आख्ख्या आळीचं काम झालं. करडीची पेंड, भिजवलेली सरकी, तुरीची चुनी नीलव्वाच्या घरची. हुसेनबी ओढ्याच्या काठाकाठानं हिंडून शेवरीचा पाला आणायची, काट्याकुट्यांनी तिचे पाय ओरबाडायचे. कुणी भाताची पेज आणायचं, कुणी डाळ धुतलेलं पाणी. आत्याबाई आमच्या ताटातली भाकरी मोडून पदराखाली घेऊन जायच्या. नीलव्वा सगळं निरखून घ्यायची, नको ते परत करायची. हुसेनबीला म्हणायची, "ये नक्को, कीडा लगा है." हुसेनबी वैतागायची. "इत्ती धूप में लाई मैं, और तेरी गाय के नखरे देखो." पण दुसऱ्या दिवशी निवडून आणायची.

रोज सकाळी नीलव्वा मल्लीच्या बरगड्यांवरनं हात फिरवायची. घातलेलं सगळं दुधात चाललंय, अंगाला लागत नाही, हे तिला हाताखाली कळत होतं. त्या हाताला कुणी फसवू शकत नव्हतं. मी बरी होऊन उठायला लागले तेव्हा एकदा म्हणाले, "अव्वा, आता पुरे करा. पोर पेजेवर राहील." तिनं माझ्याकडं बघितलं सुद्धा नाही. मल्लीला म्हणाली, "तिन्नु, तायी." म्हणजे खा गं आई. आणि पाटी पुढं सरकवली.

मल्ली दिवस भरायच्या आधीच व्याली. कालवड झाली. पाहिजे होती तीच. तांबूस, आणि कपाळावर तसाच ठिपका. पण शेळीच्या करडाएवढी. पाय काटक्यांसारखे, उभं राहायला जायची आणि कोसळायची. नीलव्वानं तिला गोणपाटात गुंडाळून चुलीजवळ घेतलं. चिकात बोट बुडवून तिच्या तोंडात घालत बसली. जशा आत्याबाई माझ्या पोरीला वात चोखवायच्या, तशीच. ती चोखायची, मान टाकायची. शिवाप्पांनी घाणा बंद ठेवला. मी दोन-तीनदा जाऊन दारातनंच परत आले. आत जायचा धीर होईना. माझी पोर माझ्या कडेवर होती, गाल धरलेली, हसणारी.

कालवड गेली.

मल्लीनं पान्हा चोरला. कासेला हात लावू देईना, लाथा झाडायची, दाराकडं बघून हंबरायची. अशा वेळी मेलेल्या वासराचं कातडं काढून त्यात पेंढा भरायचा आणि ते गाईपुढं ठेवायचं, अशी रीत होती. वास घेऊन गाय फसते आणि पान्हा सोडते. गावातल्या जाणत्यांनी तेच सांगितलं. नीलव्वा म्हणाली, "तिचं सगळं घेतलं आपुन. आता फसवायचं पन?" आणि कालवड तिनं तशीच पुरायला लावली.

पण दूध तर पाहिजे होतं. शेवंताला पाहिजे होतं, आणि मल्लीची कास दगडासारखी झाली होती, तिलाही मोकळं होणं पाहिजे होतं. नीलव्वा आमच्या दारात आली.

"पोरगी दे."

मी दिली. का, ते विचारलं नाही. तिनं शेवंताला उघडी केली, मिठाच्या पाण्यात हात बुडवून तिच्या पायांना, पाठीला लावला आणि गोठ्यात मल्लीच्या तोंडापुढं गोणपाटावर धरून बसली. मी चौकट घट्ट धरून उभी. एक लाथ, एक शिंग, काय झालं असतं. मल्लीनं फुसकारा टाकला. मान मागं घेतली. मग पुढं आली, हुंगलं, पुन्हा हुंगलं. आणि चाटायला लागली. पाय, पोट, पाठ. ती खरखरीत जीभ पोरीच्या अंगावरनं फिरत होती आणि पोर आधी दचकली, मग खिदळायला लागली. लाल लाल झाली सगळी. मल्लीच्या कासेतनं दुधाचे थेंब आपोआप टपकायला लागले.

नीलव्वानं शेवंता माझ्याकडं दिली नाही. म्हणाली, "तू हितं बस, हिला धरून. मला पिळू दे." मी बसले. ती मल्लीच्या कुशीला डोकं लावून धारा काढायला लागली. तिचं तोंड मला दिसत नव्हतं. मी रडत होते. तिला ते कळलं असावं. तिकडूनच म्हणाली, "मल्ली गप हाय, तू कशाला रडती? पोरीला सरळ धर. वाकडी बसलीय ती."

शेवंता भाकरी चावायला लागेपर्यंत हे असंच चाललं. पुढं पाऊसपाणी बरं झालं, आळीत गाई आल्या, फिरतं दूध पुन्हा सुरू झालं. मल्ली मात्र परत कधी गाभण राहिली नाही. त्या कालवडीबद्दल नीलव्वा आमच्यापाशी कधी एक शब्द बोलली नाही. शेवंताचे फार लाडही तिनं केले नाहीत. आळीतल्या बाकीच्या पोरांना ती खायला द्यायची तसंच हिलाही द्यायची, ना कमी ना जास्त. मला कधी कधी वाटायचं, हिनं एकदा तरी बोलून दाखवावं, म्हणजे मला उत्तर देता येईल.

निजामाचं राज्य गेलं. माझ्या मालकांना धाराशिवात कचेरीत शिपायाची नोकरी लागली आणि आम्ही गाव सोडायचं ठरलं. बैलगाडीत भांडीकुंडी भरली, आत्याबाईंना वर बसवलं आणि बघते तर शेवंता नाही. मी नीलव्वाच्या गोठ्याकडं गेले.

मल्ली पार म्हातारी झाली होती. दात पडलेले, कडबा चावत नव्हता. नीलव्वा तिच्यासमोर पाटावर बसून बादलीतली भिजवलेली चुनी मुठीमुठीनं तिच्या तोंडात घालत होती. शेवंता शेजारी उकिडवी बसली होती.

"अव्वा, निघतो आम्ही."

"निघा."

मी पाया पडले. तिनं डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. उजवा हात मल्लीच्या तोंडाशी होता. मान तिनं वळवली नाही.

"गाडीपर्यंत येत नाही का?"

"मधीच उठलं की ऱ्हायलेलं टाकती ती," नीलव्वा म्हणाली. "जा तुमी. ऊन व्हायच्या आत तेर ओलांडा."

शेवंताचा हात धरून मी तिला ओढत आणली. गाडी हलली. वळणावर गोठ्याचं दार समोर येतं, तिथनं मी मागं बघितलं. नीलव्वाची पाठ दिसत होती. तिचा हात बादलीत जात होता, वर येत होता, मल्लीच्या तोंडाशी थांबत होता, आणि ती चावून संपेपर्यंत तिथंच राहत होता.